कोरांटीचं खातं

वीस वर्षं बँकेत लोकांची कर्जं बुडताना पाहिली, पण स्वतःचं बुडीत खातं कसं असतं, ते मला बागेनं दाखवलं.

जळगावला घर बांधून झाल्यावर सात बाय बारा फुटांचं अंगण उरलं. त्याला आमच्याकडे 'बाग' म्हणतात. तीत मी पुण्याहून गुलाबाच्या सहा कुंड्या आणि एक ख्रिसमस ट्री आणून ठेवलं. मे महिन्यात पारा 45च्या घरात गेला. मी बादल्या ओतल्या, गोणपाट बांधलं, एकदा तर टेबलफॅन लावला. (त्यावरून सौ. दोन दिवस बोलत नव्हती.) जूनमध्ये साताही कुंड्या 'राइट ऑफ' केल्या.

त्याच महिन्यात धुळ्याचं घर विकलं आणि आई आमच्याकडे आली. एक ट्रंक, देव्हारा आणि मातीनं भरलेले चार डबे. पारोळा, एरंडोल करत एस.टी.तून ते डबे तिनं मांडीवर आणले. कोरांटी, अडुळसा, पारिजातक आणि कढीपत्ता.

"अगं, ही झुडपं काय, कुठेही उगवतात!" मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. तेव्हा ती बोलतच नसे. 'हो' आणि 'नको' यांवर तिनं महिना काढला. संध्याकाळी पायरीवर पश्चिमेकडे तोंड करून बसायची. तिकडे धुळं आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

डबे मात्र लागले वाढायला. पावसाळ्यात मुळं खाली गेली आणि पुढच्या मे महिन्यात तांदूळ धुतलेल्या पाण्यावर त्यांनी दिवस काढले. थंडीत कोरांटी पिवळीधमक झाली. खोकला झाला की शेजारणी अडुळशाची पानं मागायला येऊ लागल्या. पानं दोन आणि गप्पा तासभर! आईची अहिराणी पुन्हा सुरू झाली.

मीही लगेच कडवा स्वदेशी झालो. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू मेक्सिकोचा, असं हिला ऐकवू लागलो. "मग भरतातली मिरची कुठली?" हिनं विचारलं. तीही अमेरिकेचीच निघाली. वांगं आपलं, मिरची पाहुणी! मी विषय बदलला.

परवा कढीपत्त्यावर पाखराच्या विष्ठेसारखे काही ठिपके दिसले. जवळ गेलो तर ठिपके पानं खात होते. मी फवारणीचा पंप घेऊन धावलो.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ," आई पायरीवरून म्हणाली. "फुलपाखराचं लेकरू शे ते. लिंबू, बेल नही तं कढीपत्ता. त्याले दुसरं झाड चालस नही."

पंप खाली ठेवला. आठवड्यात झाडाचा खराटा झाला. आतून फोडणीची वेळ झाल्याची हाक आली, तसा मी पिशवी घेऊन बाजारात कढीपत्ता आणायला निघालो.