सोपाऱ्याचा बाहिय

पूजेस बसतांना संकल्पांत आपण 'बौद्धावतारे' असा उच्चार करतों आणि लागलीच 'रामक्षेत्रे' म्हणून पुढें जातों. त्या पहिल्या शब्दापाशीं थबकून हे बुद्ध कोण, त्यांनीं सांगितलें तरी काय, असें विचारावेंसें फारच थोड्यांस वाटत असेल. ज्याला वाटेल त्यानें गयेस किंवा सारनाथास गेलेंच पाहिजे असें नाहीं. रामक्षेत्रांतच तें ठिकाण आहे. आणि पालघर, बोईसर, तारापूर या बाजूच्या मंडळींच्या तर रोजच्या वाटेवर आहे. केळवे रोड, सफाळे मागें टाकून, वैतरणेचें पात्र ओलांडून गाडी विरारास येते, त्यापुढील स्थानक नालासोपारा. हेंच प्राचीन शूर्पारक. वनपर्वांत पांडव तीर्थयात्रा करीत येथें आले आहेत, आणि टॉलेमीच्या भूगोलांतही या बंदराचें नांव आहे. आज फलाटावर उतरणाऱ्याला मात्र गर्दीवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं.

आमच्या जाण्याला कारण घडलें तें असें. गेल्या वर्षीं माझे थोरले बंधु वारले. त्यांचा मुलगा तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनज्ञ आहे. तेराव्यापर्यंतचे सर्व विधि त्यानें यथासांग केले, पण पाहुणे पांगल्यावर रात्रीं ओटीवर त्यानें मला विचारलें, "काका, आपण पिंड दिला तो बाबांना पोंचला असें तुम्हांला खरोखर वाटतें?" मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें त्यानें धर्मानंद कोसंबींचें 'भगवान बुद्ध' कोठूनसें मिळविलें, आणि घरांत कुजबूज सुरू झाली. आतां वर्षश्राद्ध जवळ आलें. "भावोजी, हा बसला नाहीं तर मी काय करूं? तुम्हीच त्याला समजवा," असें म्हणतां म्हणतां वहिनींचे डोळे भरून आले. समजविण्याजोगें माझ्यापाशीं कांहींच नव्हतें. म्हणून एका रविवारीं मी त्यालाच म्हटलें, "चल, तुझे बुद्ध मला दाखीव."

सोपाऱ्याचा स्तूप प्रथमदर्शनीं निराशाच करतो. झाडांच्या सावलींत विटांचा एक खचलेला उंचवटा, एवढेंच. गांवकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणला, तेव्हां मध्यभागीं एक मोठा दगडी करंडा निघाला. त्यांत तांब्याचा डबा, भोंवतीं आठ कांशाच्या मूर्ति. तांब्यांत रुप्याचा, रुप्यांत दगडाचा, दगडांत स्फटिकाचा, आणि स्फटिकांत सोन्याचा. एवढ्या बंदोबस्तानें जपलेलें धन तें कोणतें? तर सोन्याचीं फुलें आणि मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे असावेत, असें पंडितजींचें मत होतें.

स्तूपापाशीं एक वृद्ध बाई नातवंडांकडून त्रिशरण म्हणवून घेत होत्या. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपासून लक्षावधि मराठी कुटुंबांचा हा घरचा धर्म झालेला आहे. आपण मात्र त्याला अजून पुराणवस्तु समजतों! पुतण्यानें त्यांना विचारलें, "आजी, तुम्ही इथें काय मागतां?" त्या हंसून म्हणाल्या, "मागायचं काय, बाबा? नीट वागायचं."

मग सावलीला बसून त्यानें मला बाहियाची कथा सांगितली. हा बाहिय याच किनाऱ्यावरचा. अंगावर सालींचें वल्कल, लोकांत मोठा मान, भिक्षेला तोटा नाहीं. एके दिवशीं त्याच्या मनांत आलें, आपण खरोखरच अर्हत आहों काय? नाहीं, आणि त्या मार्गावरही नाहीं, असें एका देवतेनें त्याला सांगितलें. मानमरातब जागच्या जागीं टाकून तो थेट श्रावस्तीस गेला. बुद्ध भिक्षेस निघाले होते. 'ही वेळ नव्हे,' असें ते दोनदां म्हणाले. पण 'जीविताचा भरंवसा काय?' म्हणून यानें तिसऱ्यांदा विचारलेंच. तेव्हां भर रस्त्यांत त्यांनीं उपदेश केला: पाहिलेंस त्यांत पाहिलें तेवढेंच असूं दे, ऐकलेंस त्यांत ऐकलें तेवढेंच, त्यांत 'मी' मिसळूं नकोस. थोड्याच वेळानें एका गाईनें बाहियाला मारलें. बुद्धांनीं त्याच्यावर स्तूप बांधविला.

दुःख आहे, त्याला तृष्णा हें कारण आहे, त्याचा निरोध होतो आणि त्याला अष्टांगिक मार्ग आहे, हीं चार आर्यसत्यें. मी त्याला म्हटलें, रोग, हेतु, आरोग्य आणि औषध, ही वैद्याची मांडणी आमच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यांतही आहे. तें त्याला ठाऊक नव्हतें. पण पुढें आमची वाट फुटली. आत्म्यावांचून परलोकाची गोष्ट मला पटत नाहीं, आणि त्यानें ती पटविण्याचा यत्नही केला नाहीं. मीं विचारलें, "मग तुझे बाबा कोठें आहेत, याला बुद्धांचें उत्तर काय?"

"मरणानंतर तथागत असतो कीं नसतो, हेंसुद्धां त्यांनीं सांगितलें नाहीं. बाण लागलेल्यानें तो कोणी मारला याची चौकशी करीत बसावें, कीं आधीं उपटून काढावा?" मग बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "काका, बाण आईला लागलाय, आणि चौकशी मी करीत बसलों आहें."

याच सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. पूर्वींचे राजे मृगयेसाठीं यात्रा करीत. मी संबोधीस गेलों, तेव्हांपासून धर्मयात्रा करतों, असा त्या लेखाचा आशय आहे. धर्मयात्रेंत करावयाचें काय, तर ब्राह्मणांची आणि श्रमणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट, खेड्यांतल्या लोकांची विचारपूस. ब्राह्मण आणि श्रमण हे शब्द तेथें शेजारीं शेजारीं आहेत, हें मला फार आवडलें. १९५६ सालीं जवळच भुईगांवास दुसऱ्या एका लेखाचा तुकडा मिळाला. आठव्या लेखाचा तुकडा मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. पुढच्या रविवारीं तो पाहावयास जाण्याचें ठरलें आहे. तिसरें तिकीट आईचें काढायचें, असें पुतण्यानें विरारच्या फलाटावरच सांगून टाकलें.