पायीं चालणारांचा कायदा

रस्त्यावरील सर्वांत जुना प्रवासी म्हणजे पायीं चालणारा. बैलगाडी, घोडा, टांगा, मोटार हीं सर्व वाहनें त्याच्या मागाहून आलीं. तरी आज अंग चोरून कडेला उभें राहण्याची पाळी त्याच्यावरच आली आहे. आम्ही रोज पायीं शाळेस येतों, म्हणून हा विषय आम्हांस केवळ निबंधापुरता नाहीं. थोरली मंडळी सांगतात कीं, त्यांच्या वेळीं शाळेच्या मांडवांत सायकल ठेवावयास जागा मिळत नसे; आज तोच मांडव निम्मा रिकामा असतो. मुलांचे पाय कांहीं अशक्त झालेले नाहींत. घरच्या मंडळींचा रस्त्यावरील विश्वास उडाला आहे.

हा विश्वास राखण्यासाठीं कायद्यानें काय केलें, याचा आम्हीं थोडा शोध केला. इंग्लंडांत १८६५ सालीं यांत्रिक गाड्यांविषयीं जो कायदा झाला, त्यांत गाडीच्या पुढें साठ यार्डांवर एका मनुष्यानें तांबडें निशाण घेऊन चालावें असा नियम होता. वेगाची मर्यादा गांवांत ताशीं २ मैल व बाहेर ४ मैल. आज हें वाचून हंसूं येतें. परंतु त्या कायद्याच्या दृष्टीनें रस्ता मूळचा चालणाराचा होता व गाडीवाला हा नवा पाहुणा होता, म्हणूनच वर्दी देण्याचें काम गाडीवर पडलें. पुढें नियम सैल होत गेले आणि १८९६ सालीं मर्यादा ताशीं १४ मैल झाली. त्याच वर्षीं लंडन येथें ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली. मोटारीनें मृत्यु पावलेली त्या देशांतील पहिली पादचारी म्हणून तिचें नांव राहिलें आहे.

आमच्या देशाचा कायदाहि चालणारास अगदींच विसरलेला नाहीं. मोटारी हांकण्याविषयींचे जे नियम केंद्र सरकारनें २०१७ सालीं केले, त्यांप्रमाणें जेथें दिवा किंवा पोलिस नाहीं अशा पांढऱ्या पट्ट्यांवर पहिला मान चालणाराचा आहे. पदपथावर व सायकलमार्गावर मोटार घालण्यास मनाई आहे. नियम इतके स्पष्ट असूनहि २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत जे १,६८,४९१ लोक मेले, त्यांपैकीं ३२,८२५ पायीं चालणारे होते. म्हणजे दररोज सुमारें ९०. आमच्या शाळेंतील दोन वर्गांची हजेरी तेवढी भरते.

मग उणें काय? आम्हांस असें वाटतें कीं, चालणाराचा हक्क लिहिलेला आहे, परंतु तो पुरविण्याचें कर्तव्य कोणाचें, हें तितक्या ठळकपणें लिहिलेलें नाहीं. गाडीवाल्यानें अमुक करूं नये असें सांगून कायदा थांबतो. पण मुळांत पदपथच नसला तर? पदपथ कसा असावा याचीं मापें भारतीय रस्ते परिषदेनें २०१२ सालीं दिलीं आहेत: चालावयास मोकळी रुंदी निदान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटर मोकळीक, आणि रस्त्यापासून उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नको. पण हें केवळ मार्गदर्शन. न पाळल्यास कोणास जाब विचारावा?

एका रविवारीं आम्हीं घरांतील शिवणकामाची फीत घेऊन घरापासून शाळेपर्यंतचा पदपथ मापिला. सबंध वाटेवर १.८ मीटर मोकळी जागा तीनच ठिकाणीं मिळाली. एके ठिकाणीं विजेची पेटी, पुढें उभ्या केलेल्या मोटारसायकली, आणि त्यापुढें पदपथ इतका उंच कीं आमची आजी त्यावर चढूंच शकत नाहीं. ती खालून, मोटारींच्या बाजूनें चालते. कोपऱ्यावर शेंगदाणे विकणाऱ्या बाईंशीं मात्र आमचें भांडण नाहीं. पथविक्रेत्यांसाठींहि २०१४ चा कायदा आहे, आणि त्या जेवढी जागा घेतात तिच्या चौपट एक मोटार घेते.

मनांत आणल्यास नगरपालिकेला काय करतां येतें, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. सायकलींचें शहर म्हणून एके काळीं नांवाजलेल्या पुण्यांत महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांविषयीं धोरण स्वीकारलें, आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले. तेथें लोक आतां चालतात इतकेंच नव्हे, तर बसतातहि.

हॉलंडांतील गोष्ट आम्हांस विशेष वाटली. आज सायकलींनीं भरलेल्या त्या देशांत १९७१ सालीं रस्त्यांवर चारशेंहून अधिक मुलें मेलीं. तेव्हां ‘बालहत्या थांबवा’ असें म्हणत आईबाप व मुलें रस्त्यावर उतरलीं. हल्लीं तेथें चौदा वर्षांखालील मुलास मोटारीनें इजा झाल्यास भरपाईचा भार बहुतेक सर्व प्रसंगीं मोटारवाल्यावरच पडतो. मूल धांवत सुटलें ही सबब तेथें सहसा चालत नाहीं; मुलें धांवावयाचींच, हें त्यांनीं गृहीत धरलें आहे.

इकडेहि १४ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, अडथळा नसलेला पदपथ मिळणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग होय. त्याच वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं पादचारी व बिनयांत्रिक वाहनें यांच्यासाठीं सहा महिन्यांत नियम करा, अशी आज्ञा सर्व राज्यांस झाली. मोटार वाहन कायद्यांत असे नियम करण्याचा अधिकार राज्यांस २०१९ च्या दुरुस्तीनेंच दिलेला होता. कर्तव्य कोणाचें, हा आमचा प्रश्न न्यायालयानें अखेर नांव घेऊन सोडविला.

आम्हींहि आपल्या मापांचा तक्ता करून, वर्गशिक्षकांच्या सहीनें, शाळेच्या फाटकासमोर पांढरे पट्टे व पदपथास उतार मिळावा असा अर्ज केला आहे. अर्जास आवक क्रमांक मिळाला. पावसाळ्यापूर्वीं पट्टे आंखले गेले, तर आमची आजी ते पाहावयास स्वतः येणार आहे. रिक्षानें नव्हे, चालत.