वीस वर्षांचे काम, चार वर्षांचा दाखला

तासगाव परिसरात बेदाण्याची शीतगृहे उभी राहू लागली, त्या काळात ज्या तरुणांनी हातात पाना घेतला त्यांपैकी अण्णा एक. घरची द्राक्षबाग तीन भावांत वाटली गेलेली, म्हणून बी. कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडून ते एका वस्तादाच्या हाताखाली लागले. पावसाळ्यात व हिवाळ्यात शीतगृहातील अमोनियाचे कॉम्प्रेसर आणि उन्हाळ्यात सांगली-मिरजेचे दवाखाने व सराफी पेढ्या यांतील वातानुकूलन यंत्रे, असा त्यांचा वर्षाचा क्रम असे. पाइपला हात लावून किती गॅस कमी आहे हे ते सांगत आणि ते सहसा चुकत नसे. वीस वर्षांत शेकडो यंत्रे त्यांच्या हाताखालून गेली. पावतीपुस्तक मात्र त्यांनी कधी छापले नाही. गिऱ्हाईक ओळखीचे, व्यवहार रोखीचा; कागद लागतो कशाला, असाच त्या व्यवसायाचा रिवाज होता आणि बहुतांशी आजही आहे.

अमेरिकेचे नागरिकत्व मिळालेल्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, २००४ साली या भावासाठी अर्ज भरला होता. भावंडांच्या अर्जांची रांग भारतीयांसाठी इतकी लांब असते की व्हिसा हाती येईपर्यंत २०१९ उजाडले. अण्णा तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. अक्कांचे घर कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे. हा मुलूखही द्राक्षे वाळवून बेदाणा करणाराच, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणारा. तासगावातून उठून आलेल्या माणसाला इथे काम मिळायला अडचण ती कोणती, असे घरात सर्वांना वाटले.

अडचण दोन दरवाजांची होती. पहिला दरवाजा केंद्र सरकारचा. तेथील स्वच्छ हवा कायद्याच्या ६०८ व्या कलमानुसार, यंत्रातील शीतवायूला हात घालणाऱ्या प्रत्येक कारागिराला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. १९९४ च्या नोव्हेंबरपासून हे बंधन आहे. त्यामागे ओझोनच्या थराचा प्रश्न आहे. जुन्या शीतवायूंतील क्लोरीन हा थर झिजवते, असे मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले. पुढे १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९५ मध्ये या दोघांना क्रुट्झेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. कायद्याचा मथितार्थ एका वाक्यात सांगता येतो: यंत्रातील वायू जाणूनबुजून हवेत सोडायचा नाही, तो वेगळ्या यंत्राने खेचून टाकीत भरून घ्यायचा. ती टाकीही ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरायची, कारण उष्णतेने द्रव फुगला की टाकी फुटते.

परीक्षेचे चार भाग, प्रत्येकात पंचवीस प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यास प्रत्येक भागात किमान अठरा उत्तरे बरोबर हवीत. अण्णांनी दोन महिन्यांत ती दिली आणि चारही भागांत उत्तीर्ण झाले. एकदा मिळालेले हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. त्या अभ्यासाने एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला लागली. सांगलीत जुना कॉम्प्रेसर बदलताना पहिली कृती म्हणजे पाना फिरवून उरलेला वायू ‘फुस्स’ करून सोडून देणे. सगळेच तसे करीत. आर-२२ नावाच्या त्या वायूचा एक किलो हवेत गेला, तर पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो जवळजवळ अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो, हे त्यांनी पहिल्यांदाच वाचले. वीस वर्षांचा हिशेब करायला ते बसले आणि मध्येच थांबले.

दुसरा दरवाजा राज्याचा. कॅलिफोर्नियात परवानाधारक कंत्राटदाराकडे नोकरी करणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. परंतु स्वतःच्या नावाने काम घ्यायचे तर ‘कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड’ या १९२९ पासूनच्या मंडळाचा ‘सी-२०’ परवाना हवा. त्यासाठी मागील दहा वर्षांत किमान चार वर्षे, कोणाच्या देखरेखीविना काम करू शकणाऱ्या पूर्ण कारागिराच्या दर्जाचा अनुभव लागतो. उमेदवारीचा काळ त्यात मोजला जात नाही. या अनुभवाचा दाखला तो प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने द्यायचा आणि ‘खोटे असल्यास शपथभंगाच्या शिक्षेस पात्र’ या अटीखाली सही करायची.

येथे वीस वर्षांची पुंजी एकाएकी बुडीत खाती गेल्यासारखी झाली. अमोनियाच्या शीतगृहांचे काम ‘सी-३८’ या निराळ्या वर्गात पडते. वातानुकूलनाचे काम ऋतूपुरते आणि तेही कागदाविना. तासगावातील एका शीतगृहाच्या मालकांनी मोठ्या मनाने, हवे तसे लिहून देण्याची तयारी दाखविली. मसुदाही आला. ‘सतत दहा वर्षे वातानुकूलन यंत्रांचे पूर्णवेळ काम’ असे त्यात लिहिले होते.

“अण्णा, या एका कागदानं तुमची चार वर्षं वाचतात,” दाजी म्हणाले. “तिकडनं कोण पडताळायला जातंय?”

“दाजी, काम मी केलंय, पण यात लिहिलंय तसं नाही केलेलं,” एवढेच अण्णा बोलले. तो मसुदा पुढे गेला नाही. त्या निर्णयाची किंमत चार वर्षांची होती आणि मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण त्याच काळात सुरू व्हायचे होते, हे सांगितल्याशिवाय तो समजणार नाही. घरात त्यावरून महिनाभर अबोला होता असे म्हणतात.

ते एका लहान कंत्राटदाराकडे मदतनीस म्हणून लागले. हाताखाली काम करायला लावणारा मुकादम पंचवीस वर्षांचा. लाकडी घरांच्या पोटमाळ्यावर, जिथे उन्हाळ्यात उष्मा साठ अंशांच्या आसपास जातो, तिथे सरपटत जाऊन हवेच्या नळ्या जोडायच्या. बेचाळीसाव्या वर्षी गुडघे त्याची नोंद ठेवतात.

पहिल्या हिवाळ्यात मात्र चित्र पालटले. परवान्याचे पूर्ण नाव ‘उष्ण हवेने घर तापविणे, वायुवीजन आणि वातानुकूलन’ असे आहे, आणि सांगलीच्या माणसाने भट्टी पाहिली असली तर भडभुंज्याची. फ्रेस्नोच्या घराघरांत मात्र नैसर्गिक वायूवर चालणारी भट्टी असते. तिच्या आत जळणाऱ्या ज्वाळा आणि घरात फिरणारी हवा यांच्यामध्ये धातूचा एक पडदा असतो. त्या पडद्याला वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने केसासारखी भेग पडली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेले कुटुंब त्यात कायमचे झोपी जाऊ शकते. डिसेंबरमधील एका भेटीत मुकादमाने टॉर्च आत धरून अण्णांना अशी भेग दाखविली. घरमालकीण म्हातारी, एकटी राहणारी. तिला सर्दी-डोकेदुखी महिनाभर होती आणि ती हवापालटावर खापर फोडत होती. भट्टी तिथल्या तिथे बंद केली गेली. आपल्या वीस वर्षांत या विद्येचा अर्धा भाग नव्हताच, हे अण्णांना त्या दिवशी उमगले. तासगावहून आलेला तो दाखला जोडून परवाना मिळाला असता, तर अशाच एखाद्या भट्टीसमोर ते एकटे उभे असते.

२०२० च्या मध्यावर मालकाने त्यांना पूर्ण कारागीर म्हणून गणले आणि चार वर्षांचे घड्याळ खऱ्या अर्थाने सुरू झाले. २०२४ च्या अखेरीस त्याच मालकाने दाखल्यावर सही केली. मग बोटांचे ठसे आणि दोन परीक्षा. तांत्रिक परीक्षेचे त्यांना भय नव्हते. कायदा व व्यवसाय या विषयाने मात्र झोप उडविली, आणि तिथे सोडून दिलेल्या बी. कॉम.चे दीड वर्ष अनपेक्षितपणे कामी आले. घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. काम करूनही पैसे न देणाऱ्याच्या मालमत्तेवर कारागिराचा धारणाधिकार चढविता येतो, आणि हा हक्क त्या राज्याच्या घटनेतच लिहिलेला आहे. बँकेत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली त्यांना ‘लियन’ हा शब्द कर्जदाराच्या बाजूने क्वचितच गोड वाटला असेल. इथे तो मजुराच्या बाजूने उभा आहे.

परवान्यासोबत पंचवीस हजार डॉलरचा बाँड द्यावा लागतो. पुष्कळांना तो विमा वाटतो, पण त्याची जात बँक गॅरंटीची आहे. कंत्राटदाराने गिऱ्हाइकाचे नुकसान केले तर हमीदार कंपनी पैसे भरते आणि नंतर तीच रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करते. त्याखेरीज, पदरी एकही नोकर नसला तरी या वर्गाच्या कंत्राटदाराला २०२३ पासून कामगार नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा आहे. आणि हे सारे टाळून विनापरवाना मोठे काम घेतले तर? काम कितीही उत्तम असो, मजुरीसाठी न्यायालयाची पायरी चढता येत नाही. उलट गिऱ्हाईक दिलेली रक्कमही परत मागू शकतो. तरतूद कठोर खरी. परंतु हा व्यवसाय असा आहे की गिऱ्हाइकाला झालेले काम दिसतच नाही. पाइपमधील पोकळी नीट काढली की नाही, वायू मापाने भरला की अंदाजाने, हे वर्ष-दोन वर्षांनी कॉम्प्रेसर जळाल्यावर कळते.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात ‘गॅस संपलाय’ म्हणून हजारो घरांतून पैसे घेतले जातात. तो वायू बंद नळीत फिरत असतो, इंधनासारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती शोधून बुजविल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या हौदात पाणी ओतणे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या व्यवसायाचा दोन वर्षांचा उत्तम अभ्यासक्रम आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. दारात आलेल्या माणसाकडे असे काही आहे का, हे विचारण्याची सवय मात्र गिऱ्हाइकाला अजून लागलेली नाही.

अण्णांना परवाना मिळाला तो २०२५ च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून अमेरिकेत घरगुती वातानुकूलन यंत्रांसाठी पृथ्वी कमी तापविणारे नवे वायू सक्तीचे झाले. त्यांपैकी एक आर-३२. तो थोडासा ज्वलनशील असल्याने तेथील जुने कारागीर बिचकत होते. भारतातील भिंतीवरच्या यंत्रांत मात्र तो कित्येक वर्षे वापरात आहे. परवाना येण्याआधीच्या त्या वसंतात पंचवीस वर्षांचा, आता तिशीला आलेला मुकादम अण्णांच्या शेजारी बसून आर-३२ हाताळण्याची रीत शिकला. जोड वितळविण्यापूर्वी नळीतून नायट्रोजन का फिरवायचा, हे सांगताना अण्णांनी मिरजेच्या एका दवाखान्यातील यंत्राचे उदाहरण दिले.

त्यांच्या गाडीवर आता नाव आणि परवान्याचा क्रमांक रंगविलेला आहे. मंडळाच्या नोंदीत कोणीही तो क्रमांक पडताळू शकतो. दाजींनीच सर्वांत आधी पडताळला.

धाकट्या भावाचा मुलगा सध्या सांगलीत याच व्यवसायाचा अभ्यासक्रम करतो आणि सुटीत कामे घेतो. काकांच्या सांगण्यावरून त्याने एक वही घातली आहे. तारीख, यंत्राचा प्रकार, कोणता वायू, किती ग्रॅम, गळती कुठे सापडली आणि शेवटच्या रकान्यात गिऱ्हाइकाची सही. पहिल्या दोन महिन्यांत सत्तावीस नोंदी झाल्या. सही कशाला हवी, म्हणून तीन गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, त्यांपैकी दोघांनी शेवटी दिली.