कंसातली नावं

ऑडिटरने विचारलं, "रात्री दोन वाजता हा डेटा कोणी उघडला?" लॉगमध्ये नाव एकच: 'अ‍ॅडमिन'. तो पासवर्ड आम्ही चौघं वापरायचो. वडीगोद्रीच्या घरी लॅपटॉपसमोर बसून मला उत्तर देता आलं नाही. संशय चौघांवरही राहिला.

सर्ट-इनच्या २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात. आम्ही जपले होते. पण जपलेल्या ओळीत माणूसच नव्हता.

संध्याकाळी आबांनी जुना सातबारा काढला. आजोबांचं नाव पुसलेलं नाही, कंसात आहे. शेजारी फेरफार क्रमांक. कोण गेलं, कोण आलं, कशाच्या आधारे, सगळा माग लागतो.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं वेगळं लॉगिन केलं. सोडून गेलेल्यांची खाती बंद केली, नोंदी तशाच ठेवल्या. त्या रात्री कोण होतं, ते मात्र अजून कळलेलं नाही.