शिक्का मारलेलं पाकीट

भाची इकॉनॉमिक्सची दोन वर्षं मुंबईत करून तिसऱ्या वर्षाला इंग्लंडला निघाली. तिच्या कॉलेजचा तिकडच्या एका विद्यापीठाशी करार आहे. इथली क्रेडिट्स तिथे वळती होणार, उरलेलं वर्ष तिथे काढायचं, पदवी तिथली. हे तिनं पोहे खाता खाता सांगितलं, दादरला लाइन बदलावी तशा सुरात: उतरायचं, पूल ओलांडायचा, पुढची गाडी धरायची.

आमच्या वेळी हा पूल नव्हता. पदवी मध्येच सोडणाऱ्याला आमच्याकडे एकच शब्द होता, अर्धवट. आणि तो फक्त शिक्षणापुरता नव्हता. आधी बी. ए. पुरं करायचं, मग 'बघू' म्हणायचं. बघायचं म्हणजे परदेशी विद्यापीठांना पत्रं लिहून माहितीपुस्तकं मागवायची. ती दोन-अडीच महिन्यांनी येत. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर लाल पानांची झाडं आणि हिरवळीवर पुस्तक वाचणारी गोरी मुलगी. वाड्यातली पोरं बघायला जमली की आई ओरडायची, "हात धुऊन या आधी." आमच्यातल्या निम्म्यांनी अर्ज कधी केलाच नाही. माहितीपुस्तकं मात्र सगळ्यांनी मागवली, कारण ती फुकट होती.

भाचीच्या हाताला कागद म्हणून लागला नाही. पोर्टल, पासवर्ड आणि रात्री दोन वाजता आलेला ईमेल, एवढ्यावर काम झालं. मला ते फार कोरडं वाटलं. तिला विचारलं तर म्हणाली, "मामा, अडीच महिने वाट बघण्यात मजा काय होती?" मजा नव्हतीच. पण वाट बघताना आम्ही तिथे मनानं जाऊन, राहून, कंटाळून परतसुद्धा आलेलो असायचो.

आता पैशाचं. आम्ही बी. ए. झालो ते साल १९९१. देशाच्या तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलेलं. जुलैत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण पडलं. त्या वर्षी देशाचं सोनंच परदेशी निघालं होतं, आमच्यासारख्या पितळेला कोण पुसतो! निदान पुढची तीस वर्षं मी तरी हेच सांगत आलो: प्रवेश मिळाला असता, चलन आडवं आलं.

भाचीला चलनाची अडचण नाही. तिची अडचण २८ दिवसांची. इंग्लंडच्या व्हिसासाठी फी आणि राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, एक दिवस जरी कमी पडले तरी मोजणी पहिल्यापासून. तेवढे दिवस मेव्हण्यांनी त्या खात्याला सोवळ्यात ठेवलं होतं. सकाळी अंघोळ करून मोबाईलवर शिल्लक बघायची, पण शिवायचं नाही. शिवाय टीबीच्या तपासणीचा दाखला आणि तिथल्या आरोग्यसेवेचा वर्षाला ७७६ पौंड अधिभार. आम्हाला पाठवायला देशाकडे चलन नव्हतं. तिला पाठवायला देशाकडे चलन आहे, फ्लॅट मात्र बँकेकडे आहे.

आणि खरं तर अर्ध्यावरून पुढे जाण्याचं कौतुक तिनंही सांगू नये, मीही सांगू नये. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचं शिक्षण सोडून परतावं लागलं. सामान वेगळ्या बोटीनं येत होतं. महायुद्धात ती बोट पाणतीरानं बुडाली. परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत मात्र त्यांनी मागून घेतलेली होती. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज घेतलं, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी. एस्सी. मिळवली. क्रेडिट वळतं करणं याला म्हणतात.

आमच्या वर्गात पहिली आलेली मुलगी होती. तिनं माहितीपुस्तकही मागवलं नाही, कारण ते घरी आलं असतं आणि वडिलांच्या हातात पडलं असतं. दोन वर्षांनी ती अमेरिकेला गेली, नवऱ्याच्या व्हिसावर. भाची निघाली तेव्हा तिचं लग्न हा विषय निघाला नाही. (आजी म्हणाली होती एकदा, पण हळू आवाजात.) जुन्याच्या बाजूनं बोलायला बसलो की ही वर्गमैत्रीण समोर येऊन बसते, मग माझं वाक्य पुरं होत नाही.

तरी निरोप तो निरोप. एकाला सोडायला आम्ही अकरा जण मॅटाडोरमधून सहारला जायचो. हातावर दही, गळ्यात हार, आणि तो आत गेल्यावरही काचेला नाकं लावून आम्ही तासभर उभे. मग आठ दिवस काही कळायचं नाही. आठ दिवसांनी ट्रंककॉल यायचा, त्यातली दोन मिनिटं "ऐकू येतंय का" यातच जायची. भाचीला सोडायला दोघं गेले. बाकीच्यांनी तिचा निळा ठिपका नकाशावर सरकताना पाहिला. भाजणी आणि मेतकूट मात्र तसंच गेलं. फरक इतकाच, की स्प्रिंगच्या काट्याऐवजी डिजिटल काट्यावर तेवीस किलो भरलं.

निघण्याआधी ती माझं कपाट आवरत होती, तेव्हा ते पाकीट सापडलं. ट्रान्सक्रिप्टचं. झाकणावर आडवा शिक्का, शिक्क्यावर सही. उघडलं की बाद. तीन पाकिटं घेतली होती, हे एक पाठवायचं राहिलं, किंवा राहू दिलं. तिनं विचारलं, "उघडू?" मी हो म्हणालो. कागद पिवळा पडला होता, टाइपरायटरची अक्षरं स्वच्छ होती. तिनं वरून खाली बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबवलं.

"मामा, स्टॅटिस्टिक्समध्ये एक्केचाळीस?"

मी चष्मा शोधायला लागलो.