शीड आवरण्याची वेळ

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गेट वे ऑफ इंडियासमोरून आम्ही मांडव्याच्या दिशेने निघालो. सत्तरी ओलांडलेले माझे एक स्नेही निवृत्तीनंतर शिडाची छोटी नौका बाळगून आहेत. वायव्येचा वारा पाठीशी होता. घारापुरी मागे पडली, तरी वारा मंदच भासत होता.

"मंद नाही, डॉक्टर. आपण त्याच्याबरोबर पळतो आहोत, म्हणून कळत नाही. परतताना पाहा."

नौका वळली आणि तोच वारा अंगावर आला. ती एका कुशीवर कलली. सुकाणू माझ्या हाती होते. नौका सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहत होती आणि तिला आवरताना खांदा भरून आला.

"सुकाणू जड झाले, की शीड जास्त झाले असे समजावे. आवरण्याचा विचार पहिल्यांदा मनात येतो, तीच आवरण्याची वेळ."

त्यांनी मुख्य शिडाची दोरी सैल सोडली, शीड डोलकाठीवरून काही फूट उतरवले, त्याची खालची दोन्ही टोके आडव्या दांडीशी आवळून ते पुन्हा ताणले. मग पुढचे शीडही थोडे गुंडाळले. एकच आवरले तर तोल बिघडतो: मागचे जास्त उरले तर नौका वाऱ्याकडे वळते, पुढचे जास्त उरले तर वाऱ्यापासून दूर जाते. आता ती सावरली. सुकाणू दोन बोटांत मावले, आणि वेग जवळजवळ तेवढाच राहिला.

"मग सगळीच शिडे उतरवली तर?"

"चालत्या नावेलाच सुकाणू लागू पडते. थांबलेली नाव नुसती हेलकावे खाते."

मला आई आठवली. चार वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नव्हते. तरी डॉक्टर असलेल्या मुलाने तिची सारी शिडे एका दिवसात उतरवली. भाजी निवडणे, पूजेची फुले आणणे, जिना, सर्व बंद. तीन महिन्यांत खुर्चीतून उठायला तिला हात द्यावा लागू लागला. न वापरलेले स्नायू उतारवयात झपाट्याने क्षीण होतात, हे मी रुग्णांना सांगत आलो होतो, घरी विसरलो. पुढे न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली आणि फुले पुन्हा तिच्याकडे सोपवली. गेलेली ताकद थोडी परतली, सारी नाही.

जिन्यात थांबावे लागणे, उठताना हात टेकावे लागणे ही जड झालेल्या सुकाणूची लक्षणे होत. त्याच वेळी डॉक्टरांना दाखवावे. पिशवी हलकी करावी, बाजार दिवसाआड करावा, काठी संकोच न करता घ्यावी. मात्र चालणे सोडू नये. शुश्रूषा करणाऱ्यांनीही काम काढून घेण्यापूर्वी त्यातले किती ठेवता येईल, हे त्या व्यक्तीलाच विचारावे.

तिन्हीसांजेला आम्ही धक्क्याला लागलो. शेवटपर्यंत सुकाणू माझ्याच हाती होते.