दावणीपाशी शिकलेलं

गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माझं बालपण गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत गेलं, तरीही. आज मी ज्या छोट्या कारखान्यात काम करतो, तिथे जनावरांच्या गळपट्ट्यांत बसणारे सर्किट बोर्ड तयार होतात. गाय रवंथ कधी करते, माजावर केव्हा आली, आजारी पडायच्या बेतात आहे का, याचा अंदाज त्या पट्ट्यावरून संगणक बांधतो. लोक याबद्दल कौतुकाने विचारतात, तेव्हा मला दोन माणसं आठवतात. एक माझी आई. दुसरे आमच्या भागातले पशुधन पर्यवेक्षक. सगळं गाव त्यांना नुसतं ‘डॉक्टर’ म्हणायचं, म्हणून इथेही मी तेच म्हणतो.

आमच्या सातपूर गावाची औद्योगिक वसाहत साठच्या दशकात उभी राहिली. गावातल्या अनेकांसारखी आमचीही बरीचशी जमीन तीत गेली. वडील कारखान्यात पाळीवर लागले आणि गावठाणातल्या घरामागचा गोठा आईकडे आला. एक संकरित गाय, एक म्हैस, मध्येच एखादी कालवड. कामगारांच्या चाळींत दुधाचे रतीब होते. वडिलांचा पगार घरखर्चात जायचा. वह्या-पुस्तकं, बहिणीचं लग्न आणि पुढे त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमधलं माझं शिक्षण दुधावर झालं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी त्याला आईचे कष्ट म्हणत होतो. त्या कष्टांत ज्ञान किती होतं, ते दिसायला फार वर्षं लागली.

गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते. माज टिकतो बारा ते अठरा तास. स्त्रीबीज सुटतं ते माज ओसरल्यावर दहा-बारा तासांनी, आणि कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या कांडीतलं वीर्य गाईच्या शरीरात जेमतेम एक दिवस तग धरतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस वाट पाहायची, वैरण आणि पेंड मात्र चालूच. गाय दोन-तीनदा उलटली की दोन वेतांमधलं अंतर वाढतं, भाकड काळ लांबतो, आणि एका-दोन जनावरांच्या गोठ्याचं गणित तिथेच मोडतं.

डॉक्टर लुनावर यायचे, मागे नायट्रोजनचं भांडं बांधलेलं. झाकण उघडलं की पांढरी वाफ निघायची आणि ती बघायला आम्ही पोरं गोळा व्हायचो. ते मात्र भांड्याला हात लावण्याआधी आईला विचारत, “वहिनी, पहिल्यांदा केव्हा हंबरली? सोट कसा आहे? दूध किती उतरलं?” आई सगळं सांगायची. पहाटे धारेला पान्हा चोरला, आंबोण अर्धं टाकलं, रात्री बसलीच नाही. डॉक्टर ते वहीत लिहून घेत. कधी म्हणत, “अजून वेळ आहे वहिनी, संध्याकाळी येतो.” आणि संध्याकाळी खरंच पुन्हा येत. त्या जादा फेरीचे पैसे त्यांनी आमच्याकडे कधी मागितले नाहीत.

ते तरुणपणी उरुळी कांचनला प्रशिक्षण घेऊन आले होते. मणिभाई देसाईंचं नाव मी त्यांच्याच तोंडून प्रथम ऐकलं. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर मणिभाई उरुळीला आले. तिथे निसर्गोपचाराचा आश्रम सुरू झाला. गांधीजी पुढे गेले, मणिभाई जन्मभर तिथेच राहिले. आश्रमाच्या गोशाळेत त्यांनी गीर गाई जोपासल्या आणि १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरांना त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठी वाटे ती एकच गोष्ट: मणिभाईंनी कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारात नेलं. त्याआधी माजावरची गाय चालवत केंद्रावर न्यावी लागे, आणि त्यात वेळही जाई, मजुरीही बुडे.

गोठवलेलं वीर्य जिवंत राहू शकतं, हे इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी १९४९ मध्ये दाखवलं. ग्लिसरॉल मिसळलं की शुक्राणू गोठताना मरत नाहीत, हा तो शोध. पुढे वजा १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनात कांड्या वर्षानुवर्षं टिकू लागल्या. डॉक्टर म्हणत, शोध तिकडचा खरा, पण त्याला गोठ्यापर्यंत आणायला कुणाचे तरी पाय झिजावे लागतात. आमच्या दावणीला त्यांचे झिजले.

आयटीआयनंतर मी वसाहतीतच लागलो. सोल्डरिंग, मग टेस्टिंग, मग बोर्डाची आखणी. गोठ्याशी माझा संबंध चहातल्या दुधापुरता उरला. मग काही वर्षांपूर्वी आमच्याकडे गळपट्ट्यांचं काम आलं. त्यातली चिप मला ओळखीची होती. तीन दिशांना होणारी हालचाल ती सेकंदाला कितीतरी वेळा मोजते, अशीच चिप मोबाइलमध्येही असते. आकडे भरपूर मिळू लागले. त्यांचा अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. संगणकाला शिकवायचं तर आधी माणसाने गाईसमोर बसून लिहावं लागतं: आता खाते आहे, आता रवंथ, आता नुसती उभी. अशा असंख्य नोंदी आकड्यांना जोडून दिल्या की मग तो स्वतःहून ओळखू लागतो. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द मी रोज वापरत होतो, पण गाईसमोर बसून काय लिहायचं ते मला येत नव्हतं. मी निवृत्त डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी संगणकाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. आमच्याच गोठ्यात मला आईच्या गाईसमोर बसवलं. “मोबाइल खिशात ठेव,” म्हणाले, “आणि तिचा जबडा बघ.” रवंथ करताना जबडा एका लयीत फिरतो, साधारण सेकंदाला एकदा. मिनिटभर चावून झालं की घास गिळते, काही क्षण थांबते, आणि गळ्यातून पुढचा गोळा वर चढताना दिसतो. खाताना ही लय नसते. मान खाली जाते, हिसका बसतो, तोंड कधी भराभर चालतं, कधी रेंगाळतं. हा फरक त्यांनी दाखवला आणि दुसऱ्या दिवशी संगणकाच्या पडद्यावर तो मला आलेखात स्वच्छ दिसला. आलेख माझ्याकडे आधीपासून होता, तो कसा पाहायचा ते मला डॉक्टरांनी शिकवलं.

एका दुपारी पट्ट्याने हालचाल एकदम वाढल्याचं दाखवलं. मी आईला सांगितलं, गाय माजावर आली. तिने गाईकडे पाहिलं आणि म्हणाली, “गोमाशा आहेत रे. मान झटकतेय ती.” त्या दिवसापासून आमच्या नोंदींत मान झटकण्याचा वेगळा रकाना आला. मी हे कारखान्यात सांगितलं, तेव्हा संगणकाचं काम पाहणाऱ्या मुलीने तो रकाना लगेच घातला आणि विचारलं, “काकूंना अजून काय काय दिसतं?” आईला असा प्रश्न त्याआधी फक्त डॉक्टरांनी विचारला होता.

इस्राएलमध्ये अफिकिम नावाच्या किबुत्झमधून गाईंच्या पायातले पावलं मोजणारे पट्टे काही दशकांपूर्वीच आले. तिथे गाई मोकळ्या फिरतात. माजावरची गाय जास्त चालते, म्हणून पावलं मोजली की पुरतं. आमची गाय दाव्याला बांधलेली. ती चालणार किती? तिची अस्वस्थता उठण्याबसण्यात दिसते, रवंथ कमी होण्यात दिसते. म्हशीचं तर आणखी अवघड. तिचा माज पुष्कळदा मुका असतो आणि बहुधा रात्री येतो. बाहेरचं यंत्र आणून इथल्या गोठ्यात तसंच चालवता येईल असं मला वाटत नाही. एका-दोन जनावरांच्या दावणीसाठी त्याला इथेच, इथल्या माणसांकडून शिकावं लागेल.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्थाही मला डॉक्टरांमुळेच कळली. बनबिहारी निंबकरांनी ती १९६८ मध्ये स्थापन केली. सुंदरबनातली गॅरोल मेंढी अंगाने लहान, पण एका वेताला दोन-तीन कोकरं देते. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच. गॅरोलच्या या गुणामागे फेकबी नावाचं जनुक आहे. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते संकरातून दख्खनी मेंढीत आणलं, आणि सुवर्णा मेंढी तयार झाली. कोणत्या कोकरात ते जनुक उतरलं, हे आता रक्ताच्या तपासणीवरून समजतं. मला मात्र अधिक शिकवून गेलं ते तपासणीच्या अलीकडचं काम: प्रत्येक कोकराची आई कोण, जन्मताना वजन किती, जुळ्यांपैकी जगली किती, आईला दोघांपुरतं दूध होतं का. मेंढपाळाच्या वाड्यावर जाऊन वर्षानुवर्षं हे कुणीतरी लिहिलं.

२०२१ मध्ये बाएफच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहान शेतकऱ्यांच्या संकरित गाईंच्या दुधाच्या नोंदी आणि त्यांचे जनुकीय नमुने त्यात एकत्र पाहिले होते. आपल्याकडे एका घरी एक-दोन गाई, बापाची नोंद नाही, आजोबाची तर नाहीच. मग चांगला वळू निवडायचा कसा? जनुकीय नमुन्यांवरून गावोगावच्या गाईंची आपसांतली नाती कळतात, आणि विखुरलेल्या गोठ्यांतल्या नोंदी एका हिशेबात बसवता येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच वाशीममध्ये देशी गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ यांचं लोकार्पण झालं, तेही याच वाटेवरचं पाऊल आहे.

तो अभ्यास मी समजेल तसा डॉक्टरांना सांगितला. ते उठले आणि माळ्यावरच्या ट्रंकेतून त्यांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या. सरकारी रजिस्टर वेगळं असे, या वह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. तारीख, कोणत्या वळूची कांडी, माज किती वाजता दिसला, गाभण ठरली की उलटली, कालवड झाली की गोऱ्हा. आणि एक रकाना सांगणाऱ्याच्या नावाचा. आमच्या गाईपुढे तिथे माझ्या आईचं नाव होतं. दूध संघाच्या पुस्तकात, बँकेच्या कागदात, सगळीकडे वडिलांचं नाव लागायचं. तिचं नाव तिच्या गाईपुढे लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ते पान आईला दाखवलं. तिने नाव वाचलं आणि त्या कालवडीने पुढे किती वेतं दिली ते सांगत बसली. तेही मी लिहून घेतलं.

आता जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो आणि भारत पशुधन या प्रणालीत त्याची नोंद होते. फार गरजेचं काम आहे हे. आमच्या छोट्या नोंदवहीत मी बिल्ल्याच्या क्रमांकाशेजारी डॉक्टरांचा तो रकाना ठेवला आहे. त्याचा उपयोगही आहे. एकाच हालचालीला दोन माणसं वेगवेगळं नाव देतात, तेव्हा कुणाला पुन्हा विचारायचं ते कळतं.

सध्या डॉक्टरांनी मला डांगीच्या मागे लावलं आहे. सातपूरहून त्र्यंबकेश्वराकडे निघालं की पाऊस वाढत जातो आणि काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची डांगी जनावरं दिसू लागतात. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे इगतपुरी-अकोले भागातल्या मुसळधार पावसातही ती चिखलात काम करतात. दूध थोडं देतात, म्हणून यंत्र बनवणाऱ्यांचं तिकडे लक्ष कमी. आमचा पट्टा संकरित गाईवर शिकलेला आहे. दिवसभर डोंगरात चरून येणाऱ्या डांगीचं चालणं तो माज समजेल, अशी मला धास्ती आहे. डॉक्टर म्हणाले, “मग शिकव की त्याला.” म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्र्यंबकच्या बाजूला एका घरी जाऊन बसतो. तिथल्या आजी सांगतात, मी लिहितो. पावसाळ्यातल्या नोंदी अजून थोड्या आहेत. यंदा जनावरं डोंगरावर जातील तेव्हा त्यांच्याबरोबर जावं लागेल, आणि आईही येते म्हणाली आहे.